महिला मंडळांची मागची पिढी

परभणीतल्या महिला मंडळांचे मूळ शोधायला पुण्यात जावे लागते. पंडिता रमाबाईंनी तिथे 1882 मध्ये आर्य महिला समाज स्थापन केला, आणि 1909 मध्ये रमाबाई रानड्यांच्या वाड्यात सेवासदन सुरू झाले. परभणी मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती.

सेवासदनाचे सर्वांत धाडसी काम म्हणजे परिचारिकांचे शिक्षण. परक्या माणसाची जखम धुणे, तेही विधवेने, हे त्या काळच्या घरांना सहन होणारे नव्हते. रमाबाई रानड्यांनी एकेकीची समजूत घातली आणि 1911 पासून विद्यार्थिनी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. येरवड्याच्या तुरुंगातील बायकांना रमाबाई नियमाने भेटत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आषाढी-कार्तिकीला स्वयंसेविका घेऊन आळंदी गाठत आणि आजारी वारकरी बायकांची शुश्रूषा करत. कुठल्याही भाषणापेक्षा हे काम मला मोठे वाटते.

परभणीसह मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली 1953 मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले आणि देशभरच्या महिला संस्थांना बालवाडी, शिवणवर्ग यांसाठी अनुदानाची वाट खुली झाली. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) 1975 मधले. बचत गट त्यानंतरचे.

आपल्या गावच्या मंडळाचे जुने इतिवृत्त, हजेरीवही किंवा छायाचित्र घरात असेल तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात जपायला द्या.