द्राक्षाची पेटी आणि साखळीची शेवटची कडी

'पुरवठा साखळी' हा शब्दप्रयोग काही वर्षांपूर्वीपर्यंत व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित होता. मार्च 2020 मधील टाळेबंदीने तो सामान्य माणसाच्या तोंडी आणला. त्यानंतर धक्क्यांची जणू रांगच लागली. मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे चारशे मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे रुतले आणि सहा दिवस तो जलमार्ग बंद पडला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले आरंभिले. ही प्रत्येक घटना आपल्यापासून हजारो मैल दूर घडली. तथापि तिची झळ आपल्या परिचयाच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली. ती कशी पोहोचली आणि अशा काळात टिकाऊ, म्हणजेच 'शाश्वत' पुरवठा साखळी कशास म्हणावे, याचा विचार आम्ही येथे एका फळाच्या आधारे करणार आहोत. ते फळ म्हणजे नाशिकचे द्राक्ष.

प्रथम साखळीविषयी थोडे. गेल्या चार-पाच दशकांत जगातील उद्योगांनी एक तत्त्व शिरोधार्य मानले : साठा ठेवू नये, कारण साठा म्हणजे अडकलेले भांडवल. लागेल तेवढे, लागेल तेव्हा आणि जेथे स्वस्त मिळेल तेथून आणावे. या पद्धतीची जन्मदात्री समजली जाणारी जपानची टोयोटा कंपनी 11 मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीत मात्र चांगलीच अडचणीत आली. त्यानंतर तिने आपल्या पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा बाळगावयास सांगितले. 2021 च्या आरंभी चिप्सच्या टंचाईने इतर मोटार कारखाने बंद पडू लागले, तेव्हा टोयोटा बरेच महिने तग धरून राहिली; पुढे सप्टेंबर 2021 मध्ये तिलाही उत्पादनात मोठी कपात करावी लागली, ही गोष्ट वेगळी. साठा आणि पर्यायी मार्ग यांचा खर्च हा अपव्यय नसून एक प्रकारचा विमा आहे, हे तेथे सिद्ध झाले.

परंतु चिप्स कपाटात ठेवता येतात. द्राक्षे ठेवता येत नाहीत. म्हणूनच द्राक्षाची साखळी हा या विषयाचा अधिक कठीण धडा आहे.

भारतातून 2023-24 या वर्षात सुमारे 3 लाख 44 हजार टन ताजी द्राक्षे परदेशी गेली आणि त्यांचे मूल्य सुमारे 3,460 कोटी रुपये होते. त्यांतील बहुतांश द्राक्षे महाराष्ट्राची आणि महाराष्ट्रात मुख्यत्वे नाशिक जिल्ह्याची. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील वेलींना वर्षातून दोन छाटण्या असतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर पडतात. मग विरळणी, संजीवकाच्या द्रावणात घड बुडविण्याचे 'डिपिंग', फवारण्या आणि जानेवारी ते एप्रिल खुडा. खुडलेला माल त्याच दिवशी पॅकहाऊसमध्ये येतो, प्रीकूलिंगमध्ये जवळजवळ शून्य अंशापर्यंत थंड केला जातो, पेटीत गंधकयुक्त कागदाखाली बंद होतो आणि शीत कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात जातो. तेथून सुएझमार्गे नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत साधारणतः तीन ते चार आठवडे लागतात.

या साखळीला पहिला मोठा हादरा कोणत्याही युद्धाने दिला नाही. तो दिला एका रसायनाने. वेलीची अनावश्यक वाढ रोखण्यासाठी वापरले जाणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे रसायन 2010 च्या हंगामात भारतीय द्राक्षांत मर्यादेबाहेर आढळले आणि युरोपच्या बंदरांत कंटेनरमागून कंटेनर अडकले. दुर्दैव असे की, त्या हंगामात निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी बंधनकारक होती, त्या यादीतच या रसायनाचे नाव नव्हते. शेतकऱ्याने नियम मोडला नव्हता. नियमाच्या दोन टोकांना एकमेकांची वार्ता नव्हती. नुकसान मात्र नियम लिहिणाऱ्यांचे झाले नाही.

त्यानंतर तपासणीची व्यवस्था कडक झाली. अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने 2006 मध्ये सुरू केलेल्या 'ग्रेपनेट' प्रणालीत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते. खुड्याआधी नमुना घेतला जातो, प्रयोगशाळेत उर्वरित अंश तपासला जातो आणि पेटीवरच्या क्रमांकावरून परदेशातील ग्राहकाला थेट बागेपर्यंत माग काढता येतो. जर्मनीतील काही मोठ्या दुकानसाखळ्या तर कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशाहून अधिक अंश चालवून घेत नाहीत. आमच्या मते ही व्यवस्था खरोखरच अभिमानास्पद आहे, आणि ती उभारण्यात आपल्या अल्पशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटा शास्त्रज्ञांएवढाच मोठा आहे.

तथापि एक गोष्ट येथे थांबून पाहण्यासारखी आहे. रॉटरडॅमच्या गोदामात उभा असलेला मनुष्य त्या पेटीवरून सांगू शकतो की ही द्राक्षे कोणत्या बागेची आहेत आणि तिच्यावर कशाची फवारणी झाली. त्या घडांची विरळणी करणाऱ्या स्त्रीला किती मजुरी मिळाली आणि ती कधी मिळाली, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागांतून टोळ्या करून येणारी ही माणसे एकरी उक्त्या दराने काम घेतात आणि बागेच्या कडेला पाल टाकून राहतात. साखळीची शेवटची कडी ती हीच. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे; त्यातही वादाचा विषय मजुरीच होता. युरोपातील दुकानदारांनी अलीकडे मजुरांच्या परिस्थितीविषयीही प्रश्नावल्या पाठविण्यास प्रारंभ केला आहे. प्रश्नावली भरली जाते. परंतु ती भरताना ती टोळी कित्येकदा आपल्या गावी परतलेली असते.

आता धक्क्यांकडे वळू. 24 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली तो नाशिकच्या खुड्याचा ऐन भर होता. मजूर गावाकडे निघाले, बाजार समित्या अडखळल्या, व्यापाऱ्यांनी ठरलेले सौदे मोडले. अनेकांनी हातातोंडाशी आलेला माल बेदाण्याकडे वळविला. बेदाणा म्हणजे द्राक्षाचा साठाच होय : सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात महिनोन् महिने टिकतो. सांगली-तासगावच्या शेतकऱ्यांनी ही विद्या पूर्वीच आत्मसात केली होती. नाशिकच्या कित्येकांना ती त्या उन्हाळ्यात घाईघाईने शिकावी लागली. खाण्यासाठी वाढविलेल्या टपोऱ्या द्राक्षांचा बेदाणा करणे हा अर्थातच तोट्याचा सौदा असतो, पण माल वेलीवर सडण्यापेक्षा तो बरा.

2024 च्या हंगामात तांबडा समुद्र बंद झाल्यासारखा होता. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे जाऊ लागली. प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी वाढला आणि कंटेनरचे भाडे दुपटीहून अधिक झाले. द्राक्षाच्या बाबतीत पंधरा दिवस म्हणजे हिरवा देठ तपकिरी होणे आणि मण्यांची गळ होणे. शिवाय त्याच सुमारास बांगलादेशाने आयातशुल्क वाढविल्यामुळे रस्त्याने सीमेपलीकडे जाणारा मालही महाग झाला होता.

असे असूनही निर्यातीचा वर उल्लेखिलेला आकडा त्याच वर्षाचा आहे आणि तो आधीच्या वर्षापेक्षा मोठा आहे! साखळी तुटली नाही, असे या आकड्यावरून कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. परंतु वाढलेले भाडे कोणाच्या खिशातून गेले, हे देशाच्या एकूण आकड्यात दिसत नाही. याचे उत्तर व्यवहाराच्या रीतीत दडलेले आहे.

द्राक्षाचा व्यवहार मुख्यतः दोन प्रकारे होतो. एकात बागेवरच किलोचा भाव ठरतो. यात धोका व्यापाऱ्याने पत्करला असे कागदोपत्री दिसते. प्रत्यक्षात पैसे आठवड्या-महिन्यांनी येतात. परदेशात माल खराब निघाला किंवा भाडे वाढले की, ठरलेल्या भावातून कपात सुरू होते. काही व्यापारी तर माल नेऊन परागंदाच होतात; अशा फसवणुकीच्या तक्रारी एवढ्या साचल्या की, 2020 नंतर नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांना थकलेल्या पैशांच्या वसुलीसाठी खास मोहीम हाती घ्यावी लागली. दुसऱ्या प्रकारात माल परदेशी जाऊन विकला गेल्यावर, भाडे, गोदाम, दलाली असे सर्व वजा जाता जे उरेल ते शेतकऱ्याचे. म्हणजे समुद्रातील क्षेपणास्त्राचा हिशेब शेवटी दिंडोरीच्या खातेपुस्तकात मांडला जातो. दुकानदाराचा नफा आधी ठरलेला, जहाज कंपनीचे भाडे आधी ठरलेले, बँकेचे व्याज आधी ठरलेले. अनिश्चितता तेवढी शेतकऱ्याच्या वाट्याला, आणि त्याच्याकडून ती मजुराच्या वाट्याला.

आमच्या मते शाश्वततेची खरी कसोटी येथे आहे. प्लॅस्टिकऐवजी कागदी वेष्टन वापरले, जहाजाचे इंधन बदलले, फवारण्या कमी केल्या, तर ते सारे स्वागतार्हच. परंतु जी साखळी प्रत्येक धक्क्याचा भार सर्वांत दुबळ्या कडीवर टाकते, तिची ती कडी एक दिवस निसटते : शेतकरी बाग तोडतो, मजूर शहराच्या बांधकामावर जातो. मग कितीही प्रमाणपत्रे भिंतीवर टांगली तरी पेटीत घालावयास फळच उरत नाही.

यावर केवळ कायद्याने उपाय होईल, अशी आमची अपेक्षा नाही. जर्मनीत मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडील मानवी हक्कांची काळजी घेण्यास भाग पाडणारा कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. युरोपीय संघाने 2024 मध्ये तशाच धर्तीचा कायदा संमत केला आणि लगेच 2025 मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. श्रीमंत देशांतील उद्योगांवर मंदीचे सावट आले की प्रथम जे सोडून दिले जाते, ते दूरच्या मजुराविषयीचे कर्तव्यच असते.

अधिक भरवशाचा मार्ग शेतकऱ्यांनी स्वतः काढला आहे. 1991 साली सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभारले आणि लहान बागायतदारालाही युरोपची वाट दाखविली. पुढे 2010 च्या संकटात निर्यातीत तोटा सोसलेले श्री. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकरी उत्पादक कंपनी वाढली. तिची दिशा अभ्यासण्यासारखी आहे. केवळ द्राक्षावर न विसंबता टोमॅटो, आंबा व इतर फळांवर प्रक्रिया. केवळ परदेशावर न विसंबता देशातील ग्राहक. टाळेबंदीत या कंपनीने मुंबई, पुणे, नाशिकच्या घरांपर्यंत फळे-भाज्यांच्या टोपल्या पोहोचविल्या. सप्टेंबर 2022 मध्ये युरोपातील गुंतवणूकदार संस्थांनी तिच्यात सुमारे 310 कोटी रुपये गुंतविले. अशा संस्था वाढल्यावर त्यांतही मालक आणि सभासद यांच्यात अंतर पडू शकते. सहकारी साखर कारखानदारीचा आपला अनुभव हेच सांगतो. म्हणून सभासदाने वार्षिक सभेत केवळ जेवणापुरते जाऊ नये, असे आम्ही सुचवू.

एका धक्क्याला मात्र कोणतीही संस्था पर्यायी मार्ग काढू शकत नाही, आणि तो म्हणजे आभाळाचा. 2025 मध्ये मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होण्यासाठी स्वच्छ ऊन लागते. ते मिळाले नाही की ऑक्टोबर छाटणीनंतर वेल हिरवीगार दिसते, पण घड थोडे लागतात किंवा लागतच नाहीत. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा उपाय माहीत आहे, त्याचा एकरी खर्च मात्र लहान शेतकऱ्याच्या आवाक्यापलीकडचा आहे. ज्यांना जानेवारीत फळ हवे आहे, त्या खरेदीदारांनी या खर्चात वाटा उचलणे न्याय्य ठरेल. आजवर ते फारसे घडलेले नाही.

तोवर जे हाती आहे ते करावे. निर्यातदाराशी होणारा करार लेखी असावा. जहाजाचे भाडे ठरावीक मर्यादेपलीकडे वाढल्यास ती वाढ कोणी किती सोसावी, पैसे किती दिवसांत मिळावेत, परदेशात माल नाकारला गेला तर त्याची तपासणी कोणासमक्ष व्हावी, हे त्यात स्पष्ट असावे. टोळीशी ठरलेला एकरी दर आणि तो चुकता करण्याचा दिवसही त्याच वहीत नोंदलेला असावा. आणि हा सारा कागद ऑक्टोबरमध्ये वेलीला कात्री लागण्यापूर्वी व्हावा. फेब्रुवारीत, साखर भरलेले घड मांडवाखाली लोंबू लागले की, शेतकऱ्याच्या हाती घासाघीस करावयास आठ दिवसही नसतात, आणि हे समोरच्या व्यापाऱ्याला त्याच्याइतकेच ठाऊक असते.