निद्राप्रारंभातील अडचण आणि वनस्पतिज सुगंधोपचार : उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
आयुर्वेदाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहे. अंथरुणावर पडूनही बराच वेळ झोप न लागणे ही आज सर्वत्र आढळणारी तक्रार आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय जडेल या भीतीने अनेक जण औषधाविना उपाय शोधतात. सुगंधोपचार हा त्यांपैकी एक होय. त्याचे कार्य व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका :
'अरोमाथेरपी' ही संज्ञा फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या १९३७ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. तथापि हा विचार भारतास नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निद्रा आणणाऱ्या उपायांत अभ्यंग, स्नान, दूध यांच्यासमवेत मनास अनुकूल अशा गंधांचा निर्देश आहे. तेथे विशिष्ट वनस्पतीपेक्षा मनाची अनुकूलता हा निकष मानलेला दिसतो.

कार्यपद्धती :
बहुतेक संवेदना थॅलॅमसमार्गे मेंदूच्या बाह्यकापर्यंत जातात. गंधसंवेदना मात्र घ्राणकंदातून भावनांशी निगडित अशा अमिग्डालापर्यंत थेट पोहोचते. त्यामुळे रोज केवळ झोपण्यापूर्वी घेतलेला ठरावीक गंध कालांतराने विश्रांतीचा संकेत ठरू शकतो. लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल व लिनालिल ॲसिटेट हे प्रमुख घटक असतात. प्राण्यांवरील प्रयोगांत लिनालूलचा शामक परिणाम आढळला आहे.

पुराव्याचे स्वरूप :
मानवावरील अनेक चाचण्यांत झोपेची प्रत सुधारल्याचे नमूद असले, तरी त्यांपैकी बऱ्याच चाचण्या लहान गटांवर व अल्पकाळ झालेल्या आहेत. शिवाय सहभागी व्यक्तीस गंध जाणवतोच. परिणामी तेलाचा गुण कोणता व अपेक्षेचा परिणाम कोणता, हे वेगळे करणे कठीण जाते.

उपयोग व दक्षता :
निजण्यापूर्वी अर्धा तास कापसाच्या बोळ्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकून तो उशीजवळ ठेवणे पुरेसे असते. तेल पोटात घेऊ नये. शुद्ध स्वरूपात त्वचेस लावू नये. दमेकरी, गर्भवती व तान्ही बालके यांच्याबाबत वैद्यकीय सल्ल्याविना प्रयोग टाळावा. जटामांसीसारखी हिमालयीन वनस्पती अतिसंकटग्रस्त असल्याने तिच्या तेलाचा आग्रहही धरू नये.

समारोप :
आठवड्यातून किमान तीन रात्री व तीन महिने टिकणारा निद्रानाश दीर्घकालीन मानला जातो. अशा प्रौढ रुग्णांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये बोधात्मक वर्तनोपचार हा प्रथम उपाय म्हणून सुचविला. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा खिन्नता असल्यास निदानच आवश्यक ठरते. सारांश, सुगंध हा निद्रेस पोषक वातावरण निर्माण करणारा साहाय्यक आहे. त्याच्या भरवशावर मूळ विकाराची तपासणी लांबणीवर टाकणे हितावह नाही.