तेव्हाचा ज्वर कोरोनाचा होता काय?

"वैद्यराज, त्या वर्षी चार दिवस अंग मोडून आले होते, घसाही धरला होता. तो कोरोनाच असेल का?" हा प्रश्न आजही चिकित्सालयात आणि औषधालयात विचारला जातो. त्याचे उत्तर देताना शक्यता आणि निदान यांतील भेद आपण विसरता कामा नये.

प्रथम काळ पाहावा. भारतातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात आढळला, महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात. म्हणून येथे डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या खोकल्यास कोरोना म्हणणे सयुक्तिक नाही.

त्यानंतर लक्षणे पाहावीत. ज्वर, कास, अंगमर्द, शिरःशूल ही लक्षणे इन्फ्लुएन्झातही असतात. नाक चोंदलेले नसता अकस्मात गंधज्ञान जाणे, किंवा त्याच दिवसांत घरात चाचणीने सिद्ध झालेला रुग्ण असणे, यांमुळे शक्यता बळावते. मात्र ओमायक्रॉनच्या लाटेत गंधनाश पुष्कळच कमी दिसला. तो नसल्याने कोरोना नव्हताच असे ठरत नाही.

आता चाचणी करून उपयोग होईल काय? आरटी-पीसीआर त्या वेळी शरीरात असलेल्या विषाणूचा अंश दाखवते, वर्षांपूर्वीचा नव्हे. प्रतिपिंडांच्या चाचणीसही मर्यादा आहेत. कोविशील्ड केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते, तर कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय विषाणू असल्याने केंद्रक-प्रथिनाविरुद्धही ती निर्माण होऊ शकतात. शिवाय कालांतराने प्रतिपिंडे क्षीण होतात, आणि ती आढळली तरी संसर्ग नेमका केव्हा झाला हे कळत नाही. म्हणून केवळ कुतूहलापोटी रुग्णास हा खर्च करावयास लावू नये.

निदानपंचकातील उपशयाचाही येथे दुरुपयोग होतो. "काढ्याने बरे वाटले, म्हणजे तो कोरोना होता आणि काढ्याने गेला" हा तर्क सदोष आहे; सौम्य रोग बहुधा आपोआपही शमतो. अशा अनुमानावर औषधाची ख्याती उभारणे शास्त्राला शोभत नाही.

खरा धोका मात्र निराळाच आहे. "तेव्हा कोरोना झाला असेल, म्हणून अजून दम लागतो" असे म्हणत रुग्ण आजच्या व्याधीकडे दुर्लक्ष करतो. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यास क्षयाची तपासणी हवीच. श्वासकष्टात पांडू आणि हृद्रोग यांचा विचार अवश्य करावा. औषधविक्रेत्यांनीही अशा ग्राहकास केवळ अवलेहाची बाटली न देता वैद्याकडे पाठवावे. रुग्णपत्रात "कोरोना झाला होता" असे न लिहिता "संभाव्य, चाचणी नाही" अशी नोंद ठेवावी.

प्रत्येक विकारास नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लज्जित होऊ नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहे. गेलेल्या ज्वराचे नाव निश्चित झाले नाही तरी चालेल. समोर बसलेल्या रुग्णाची परीक्षा अपुरी राहू नये.