जुन्या संगणकावरील ब्राउझरची निगा

शेतकऱ्याच्या घरातील अवजारांत अलीकडे संगणकाची भर पडली असून तो आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. सातबाराचा उतारा काढणे, पीकविम्याचा अर्ज भरणे, बँकेतील खात्याची उलाढाल तपासणे, बाजारभाव पाहणे ही कामे त्यावर होतात. पुष्कळ घरी हे यंत्र नवे नसते. शहरातील मुलाने स्वतःस नवे घेतल्यावर जुने गावी पाठविलेले असते, अथवा एखाद्या कचेरीने लिलावात काढलेले स्वस्तात मिळालेले असते. त्यास आमची मुळीच हरकत नाही. चालते अवजार केवळ जुने म्हणून टाकून देणे शेतकऱ्याच्या स्वभावात बसत नाही, व ते योग्यच आहे. परंतु ज्या यंत्रावरून आपण पैशाचे व जमिनीचे व्यवहार करतो, त्यावरील ब्राउझर कोणत्या अवस्थेत आहे हे न पाहता राहणे मात्र धोक्याचे आहे. सबब त्याविषयी उपयोगी पडेल अशी माहिती येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

इंटरनेटवरील पान पाहणे हे वर्तमानपत्र वाचण्यासारखे निरुपद्रवी काम आहे, असा कित्येकांचा समज दिसतो. तो बरोबर नाही. पानाबरोबर परक्या माणसाने लिहिलेल्या आज्ञाही येतात आणि त्या आपल्या यंत्रावर अमलात येतात. त्या आज्ञांना आपल्या फायलींस व इतर पानांस हात लावू न देता कोंडवाड्यात ठेवणे, हे ब्राउझरचे खरे काम होय. हा कोंडवाडा माणसांनीच बांधलेला असल्यामुळे त्याची भिंत कोठे ना कोठे कच्ची निघते.

सप्टेंबर २०२३ मधील प्रकार याचे चांगले उदाहरण आहे. वेबपी नावाच्या पद्धतीची चित्रे उलगडून दाखविणारा एक सामाईक भाग क्रोम, फायरफॉक्स, एज इत्यादी ब्राउझरांत वापरला जात असे. त्यात असा दोष निघाला की, मुद्दाम बिघडविलेले चित्र नुसते पडद्यावर येताच त्यातून चोराच्या आज्ञा यंत्रात शिरू शकत. काही उतरवून घ्यावयास नको की कोठे ‘होय’ म्हणावयास नको. ॲपल कंपनीचा सुरक्षाविभाग व कॅनडातील टोरांटो विद्यापीठाची सिटिझन लॅब यांनी हा दोष कळविला. ११ सप्टेंबरला गूगलने व दुसऱ्याच दिवशी मोझिलाने दुरुस्त आवृत्त्या काढल्या. या दोषाचा उपयोग करणारा हल्ला आधीच अस्तित्वात असल्याचे गूगलने त्याच वेळी जाहीर केले होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. दुरुस्ती बाहेर पडली की दोष कोठे होता हेही बाहेर पडते. फायरफॉक्सचा सर्व व क्रोमचा बहुतेक कोड कोणासही वाचावयास खुला आहे. जुनी व नवी आवृत्ती शेजारी ठेवून पाहणाऱ्यास बदल कोठे केला ते दिसते. म्हणजे ज्याने आवृत्ती बदलली नाही, त्याच्या बांधातील घुशीचे बीळ त्या दिवसापासून जगजाहीर झाले. “इतकी वर्षे काही झाले नाही, आताच काय होणार?” असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात आणावे, जुना ब्राउझर जसा होता तसाच राहतो, परंतु त्याविषयी चोरांस असलेले ज्ञान दर महिन्यास वाढत जाते. याच कारणास्तव गूगलने ऑगस्ट २०२३ पासून क्रोमच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्यास देण्यास आरंभ केला.

आता आपल्या यंत्राची स्थिती कशी ओळखावी? क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर, फायरफॉक्समध्ये तीन रेघांवर दाबून ‘मदत’ या सदराखाली ब्राउझरविषयी माहितीचे पान उघडावे. तेथे आवृत्तीचा आकडा दिसतो व नवी आवृत्ती मिळण्यासारखी असल्यास ती आपोआप उतरू लागते. मात्र उतरलेली दुरुस्ती ब्राउझर एकदा बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. जुने यंत्र सुरू होण्यास फार वेळ घेते म्हणून ते पंधरा-पंधरा दिवस न विझविता नुसते झाकून ठेवण्याची पद्धत आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. अशा यंत्रात दुरुस्ती येऊन दाराशीच बसून राहते. डेटा वाचविण्याकरिता अपडेट बंद करण्याची काटकसरही आम्हांस पसंत नाही.

ब्राउझरची नवी आवृत्ती मिळणे न मिळणे हे बहुतांशी त्याखालील विंडोजवर अवलंबून असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी संपली. क्रोमची १०९ ही विंडोज ७ व ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती होय. फेब्रुवारी २०२३ मध्ये निघालेल्या ११० व्या आवृत्तीस विंडोज १० लागते. पुढील आवृत्त्यांसाठी विंडोज बदलावे अशी सूचना अशा यंत्रावर येते, पण ती बाजूस सारून काम चालू ठेवण्याची लोकांस सवय होऊन जाते.

विंडोज ७ वाल्यांस फायरफॉक्सने काही काळ आधार दिला. जुलै २०२३ मध्ये निघालेली त्याची ११५ वी, दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७, ८ व ८.१ साठी शेवटची ठरली, व तिला दुरुस्त्या देण्याची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली. ही शेतसाऱ्याची तहकुबी समजावी, सूट नव्हे. तिच्या आशेवर कायमचे राहू नये. मुदत कोठवर आहे ते मोझिलाच्या पानावर पाहून घ्यावे व तेवढ्या अवधीत दुसरी सोय करावी. एक्सपीचे यंत्र असेल तर त्यावर बँकेचे नावही काढू नये. इंटरनेटची जोडणी तोडून जमाखर्च लिहिण्यास ते खुशाल ठेवावे.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरणारांपैकी जे नाव नोंदवतील त्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सवलत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. एज ब्राउझरच्या दुरुस्त्या विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहतील असेही तिने सांगितले आहे. यावरून कोणी निर्धास्त होऊ नये. ब्राउझर ताजा पण खालची विंडोज शिळी, म्हणजे नवे दार जुन्या भिंतीत बसविल्यासारखे आहे. काही नसण्यापेक्षा ते बरे, इतकेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारणतः २०१७ पूर्वीची यंत्रे त्यात बसत नाहीत. ही अट चुकवून विंडोज ११ घालून देणारे कारागीर भेटतात, परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आमच्या मते जुन्या परंतु धडधाकट यंत्रासाठी लिनक्सचा मार्ग अधिक सरळ आहे. लिनक्स मिंट नावाची प्रणाली फुकट मिळते. तिला ६४ बिटांचा प्रोसेसर व २ जीबी मेमरी पुरते, ४ जीबी असल्यास काम सुखाने चालते. ती प्रथम पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येते व तेवढ्याने डिस्कवरील काही पुसले जात नाही. तिच्यात फायरफॉक्स आलेलाच असतो, व देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्डही घेता येतो. एक अडचण मात्र आधीच सांगितली पाहिजे. डिजिटल सहीचे टोकन, अंगठा घेण्याचे यंत्र व काही प्रिंटर यांची साधने कित्येकदा विंडोजसाठीच बनविलेली असतात. सोसायटीच्या सचिवाने ही सर्व उपकरणे लावून पाहिल्यावाचून जुनी विंडोज पुसून टाकू नये.

जुन्या यंत्रांतील आणखी एक व्याधी वरवर ब्राउझरची वाटते, पण तिचे मूळ निराळे असते. प्रत्येक सुरक्षित साइट आपली ओळख पटविण्यासाठी प्रमाणपत्र दाखविते व त्यावर मुदत असते. यंत्राच्या आतील वाटोळा सेल, बहुधा सीआर २०३२ जातीचा, संपला म्हणजे यंत्राचे घड्याळ प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जाते, व ब्राउझर चांगल्या साइटीसही संशयित ठरवितो. अशा वेळी कारागीर सारे यंत्र निकालात काढावयास सांगतो. वास्तविक काम थोड्या रुपयांच्या सेलाचे असते. घड्याळ बरोबर असूनही तक्रार राहिली, तर यंत्रातील मूळ प्रमाणपत्रांची यादी जुनी झाली असण्याचा संभव आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांस आधार असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा ज्या यंत्रांच्या यादीत नवे नव्हते त्यांवर असंख्य साइटी एकाएकी उघडेनाशा झाल्या. फायरफॉक्स स्वतःची यादी बाळगतो, म्हणून तेथे तो उपयोगी पडला. काही झाले तरी ‘धोका पत्करून पुढे जा’ यावर दाबून बँकेच्या पानात शिरण्याची सवय लावून घेऊ नये.

अपडेटच्या नावाने फसवणूकही होते. एखादे पान वाचीत असता “तुमचा ब्राउझर जुना झाला, येथे दाबा” अशी पाटी मध्येच येते व तिच्यामागून भलतीच फाइल उतरते. खरी दुरुस्ती ब्राउझरच्या स्वतःच्या यादीतून येते, वाचावयाच्या पानातून कधीही येत नाही. ब्राउझरास जोडलेल्या लहान उपकरणांचाही, ज्यांस एक्स्टेन्शन म्हणतात, भरवसा बेताचाच धरावा. द ग्रेट सस्पेंडर नावाचे असेच एक उपकरण मेमरी वाचवीत असे व त्यामुळे जुनी यंत्रे वापरणारांस प्रिय होते. मूळ कर्त्याने २०२० मध्ये ते दुसऱ्यास विकले; नव्या मालकाच्या हाती त्यात अपायकारक कोड आल्याने गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काढून टाकिले. पेढीचा मालक बदलला तरी पाटी तीच राहावी, तसा हा प्रकार. मेमरी कमी पडत असल्यास एका वेळी दोन-तीनच पाने उघडी ठेवावी, अथवा सरळ मेमरीची पट्टी वाढवावी.

सोसायटीत किंवा वाड्यात अनेकांचा हात लागणारे यंत्र असेल तर प्रत्येकास निराळे खाते करून द्यावे व बँकेचा पासवर्ड ब्राउझरात साठवू नये. पुढे ते यंत्र विकावयाचे किंवा शाळेस द्यावयाचे झाले, म्हणजे ब्राउझरातील खात्यांतून बाहेर पडून, फायली दुसरीकडे उतरवून घेऊन, डिस्क पूर्ण पुसून मगच ते हवाली करावे.