बदलीचा प्रवास आणि मुलांचे प्रश्न

मे महिना आला की आम्हा शिक्षक मंडळींच्या घरांत सामान बांधण्याची गडबड सुरू होते. मराठवाड्यातून, विदर्भातून कोकणात नोकरीला गेलेले कितीतरी शिक्षक आहेत. आंतरजिल्हा बदलीचा आदेश हाती पडला की दहा-पंधरा वर्षांचा संसार एका टेम्पोत भरून ते आपल्या गावाकडे निघतात. लोक मुबारकबाद देतात, ‘आता घरी आलात’ म्हणतात. मोठ्यांच्या दृष्टीने ते खरेही असते. पण ज्या मुलांचा जन्मच कोकणात झाला, त्यांच्यासाठी हा प्रवास घराकडचा नसतो, घरापासून दूर जाण्याचा असतो. गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी तालुक्यातले खाडीकाठचे गाव सोडून आम्ही नांदेडला आलो, तेव्हा हा फरक आम्हाला नीट कळला. आमचा मुलगा आठ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची. दोघांचे खेळणे-भांडणे कोकणीत, आम्हा दोघांचे आपसांतले बोलणे दखनीत.

रत्नागिरी ते नांदेड हे अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्गाने आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, औसा, लातूर, अहमदपूर, लोहा असा हा रस्ता आहे. एकटा माणूस एका दिवसात गाठू शकेल, पण लहान मुले बरोबर असतील तर ही घाई करू नये. आम्ही सोलापूरला नातेवाइकांकडे मुक्काम ठरवला आणि दोन दिवसांचे नियोजन केले. टेम्पो आदल्या रात्री पुढे पाठवला. मुलांची एक-एक पिशवी मात्र गाडीतच ठेवली. तीत काय घ्यायचे हे त्यांनीच ठरवले. मुलीने शिंपल्यांची बरणी घेतली, मुलाने मदरशातली पाटी. सगळे सामान डोळ्यांदेखत टेम्पोत जाते, तेव्हा निदान एक वस्तू आपल्या मांडीवर असावी, असे मुलांना वाटते.

कागदपत्रांची फाइलही गाडीतच असावी. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डे, लसीकरणाचे कार्ड, रेशन कार्ड यांतले काहीही टेम्पोत जाऊ देऊ नये. दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून काही पालक मुलांना घरी बसवतात. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 5 नुसार दाखला यायला उशीर झाला तरी सरकारी वा अनुदानित शाळेला त्या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. हे प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

निघण्याच्या दिवशी फजरची नमाज झाली आणि उन्हे वर येण्याआधी आम्ही गाडीत बसलो. शेजारच्या दादींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सांदणे बांधून दिली होती. त्यांनी मुलीच्या कपाळावरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेल्या. सवारीची दुआ सर्वांनी मिळून मोठ्याने म्हटली. हातखंब्यापर्यंत मुले मागच्या काचेतूनच बघत होती.

प्रवासात तिघे जण असतील तर एकाला अमीर नेमावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. पाणी, खाऊ आणि थांबे यांचा अमीर आम्ही मुलाला केले. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, सर्वांनी उतरून पाय मोकळे करायचे आणि पाण्याचा हिशेब त्याने ठेवायचा. जबाबदारी मिळाली की मूल रडण्यापेक्षा कामात गुंतते, हे वर्गातही आम्ही नेहमी पाहतो.

साखरप्याच्या पुढे आंबा घाट सुरू होतो. वळणांमुळे मुलांना मळमळते, म्हणून घाटाआधी पोटभर खायला देऊ नये, काच थोडी उघडी ठेवावी, मोबाइल हातात देऊ नये आणि नजर समोरच्या रस्त्यावर ठेवायला सांगावे. गोळी द्यायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. सहाबा प्रवासात चढणीवर ‘अल्लाहु अकबर’ आणि उतारावर ‘सुब्हानल्लाह’ म्हणत, असे हदीसमध्ये आले आहे. आम्ही मुलांना तेच सांगितले. प्रत्येक वळणावर मुलगी तकबीर म्हणू लागली. माथ्यावर पोहोचेपर्यंत तिचा घसा बसला, पण उलटी झाली नाही.

घाट संपताच मुलाने पहिला प्रश्न विचारला, “लाल माती कुठे गेली?” जांभ्याची लाल जमीन मागे पडली होती. पुढे उसाचे मळे, मग सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा आणि मंगळवेढ्याची ज्वारीची काळी राने. मे महिन्यात ती राने नांगरून उघडी पडलेली असतात. “हे सगळे जळून गेले का?” मुलीने विचारले. जमीन जळलेली नाही, ती पावसाची वाट बघते आहे, असे आम्ही सांगितले. कोकणातल्या मुलांना पावसाची वाट बघणे माहीत नसते.

मिरजेला थांबलो तेव्हा त्यांना पाण्याच्या रेल्वेची गोष्ट सांगितली. 2016 च्या दुष्काळात लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. त्या एप्रिलमध्ये याच मिरजेहून टाक्यांमध्ये पाणी भरून रेल्वे लातूरला नेली होती आणि पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले होते. “आपण त्याच लातूरवरून जाणार?” मुलाने विचारले. त्यानंतर बाटलीत उरलेले पाणी तो रस्त्यावर ओतू देईना. पाण्याची उधळपट्टी करू नका, हे आम्ही वुजू शिकवताना कितीदा सांगितले होते. ते त्याला मिरजेत कळले.

मंगळवेढ्याजवळच्या एका मशिदीत जोहरची नमाज पढलो. शरई सफरमध्ये जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकअतींच्या जागी दोन पढल्या जातात. फजर आणि मगरिब कमी होत नाहीत. हनफी आलिम यासाठी सुमारे 77-78 किलोमीटरचे अंतर सांगतात. मुलाला आणखी एक गोष्ट खटकली. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई आहेत आणि त्याने नमाज तिथल्या मदरशात शिकली. तो रुकूला जाताना हात उचलतो, आमीन मोठ्याने म्हणतो. इथे रुकूला जाताना त्याच्या एकट्याचेच हात वर गेले आणि तो वरमला. “मला चुकीची नमाज शिकवली का?” असे त्याने बाहेर येऊन विचारले. आम्ही त्याला सांगितले की इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई दोघेही आपल्या उम्मतचे मोठे इमाम आहेत, दोन्ही पद्धतींना आधार आहे. तुझ्या उस्तादांनी जे शिकवले ते बरोबर आहे आणि इथल्या लोकांचेही बरोबर आहे. नव्या मोहल्ल्यात गेल्यावर मुलाच्या पद्धतीवर कुणी हसणार नाही, याची काळजी मोठ्यांनीच घ्यायची असते. आम्ही पहिल्याच आठवड्यात इमामसाहेबांशी तसे बोलून ठेवले.

संध्याकाळी सोलापूरला मुलांना चार हुतात्म्यांचे स्मारक दाखवले. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. ही चार नावे मुलाने दुसऱ्या दिवशी तुळजापूरपर्यंत घोकली. लांबच्या रस्त्यावर अशी एखादी जागा दाखवली की मुलांना नवा मुलूख परका राहत नाही.

दुसऱ्या दिवशी लातूर मागे पडल्यावर मुलगी रडू लागली. भूक नव्हती, ताप नव्हता. तिला फक्त ‘घरी’ जायचे होते. अशा वेळी ‘आता हेच आपले घर’ म्हणून मुलाला गप्प करू नये. मक्का सोडताना प्रेषितांनी (स.) त्या शहराकडे पाहून आपले प्रेम बोलून दाखवले होते आणि मदिनेत आल्यावर मक्केसारखेच मदिनेचे प्रेम आमच्या मनात घाल, अशी दुआ मागितली होती. जुन्या गावाचे प्रेम काढून टाका, असे त्यांनी कुणाला सांगितले नाही. आम्ही गाडी बाजूला घेतली आणि दादींना फोन लावून दिला. दोघी कोकणीत बराच वेळ बोलल्या. मुसाफिराची दुआ कबूल होते, म्हणून मग मुलांना दुआ मागायला सांगितले. मुलीने नांदेडला समुद्र मागितला. आम्ही आमीन म्हटले. नांदेडला गोदावरी आहे.

नांदेडला पोहोचून जोहरच्या चार रकअती पढलो, तेव्हा मुलाने हिशेब मांडला, “आता आपण मुसाफिर नाही. मग सुटीत रत्नागिरीला गेलो तर?” कायमचा मुक्काम हलवला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहण्याचा इरादा असला, तर हनफी मसलकानुसार तिथे आपण मुसाफिर, कसर पढायची. हे ऐकून तो गप्प झाला. ज्या मशिदीत तो नमाज शिकला, तिथे तो पाहुणा ठरणार होता. खरे सांगायचे तर आम्हालाही ते ऐकवले नाही. चौदा वर्षे आम्ही त्याच मशिदीत उभे राहिलो होतो.

मग त्याला मसल्याची दुसरी बाजूही सांगितली. मुसाफिर एकटा पढेल तर दोन रकअती, पण गावच्या इमामामागे जमाअतीत उभा राहिला तर त्याला सर्वांबरोबर पूर्ण चार पढाव्या लागतात. “मग मी जमाअतच धरीन,” तो म्हणाला. इन्शाअल्लाह, येत्या सुटीत आम्ही जाऊ तेव्हा अजान होण्याआधीच त्याला घेऊन मशिदीत पोहोचू.