बोंडातली उत्क्रांती

ऑगस्ट संपत आला की वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या शिवारात कपाशी फुलावर येते. त्यातली काही फुलं उमलतच नाहीत. पाकळ्या एकमेकींना चिकटून, पीळ देऊन मिटलेल्या राहतात. ही डोमकळी. बोटांनी उकलली तर आत बारीक अळी सापडते. सुरुवातीला पांढुरकी, वाढली की गुलाबी. पुढच्या पिढीच्या अळ्या हिरव्या बोंडात शिरतात, शिरल्याचं भोक बुजून जातं, मग वरून कितीही फवारा, औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. वेचणीला कळतं, कापूस कवडी झालाय आणि सरकी पोखरलेली आहे.

ही अळी आपल्याकडे नवी नाही. 1843 मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिची पहिली शास्त्रीय नोंद केली ती भारतातल्या नमुन्यांवरूनच. रोहण्यावरून पूर्वी धावणारी पुलगाव-आर्वी छोटी रेल्वे कापूस वाहायला टाकली गेली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नवं आहे ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं. एवढ्या काळात उत्क्रांती आपल्या डोळ्यांदेखत घडली, आणि ती पाहायला डार्विनच्या गॅलापागोस बेटांवर जावं लागलं नाही.

मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. एका जिवाणूचं जनुक या कपाशीत घातलेलं आहे, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असं प्रथिन बनवतं. ते अळीच्या आतड्यातल्या पेशींवरच्या ठरावीक रेणूंना चिकटतं आणि तिथे छिद्रं पाडतं. अळी मरते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. तरीही अमरेली, भावनगर, जुनागड आणि राजकोट या गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं 2010 मध्ये खुद्द मोन्सॅन्टो कंपनीने जाहीर केलं. पुढे दुसरंही प्रथिन निकामी ठरलं. 2017 च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी त्याची झळ सोसली.

गावात याचं कारण एका वाक्यात मिळतं, ‘अळीले आता बीटीची सवय झाली.’ दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. त्यात मान ताणून ताणून लांब करणारा लामार्कचा जिराफ भेटतो. सवयीचा हा युक्तिवाद त्याच जिराफाचा. पण बीटीचं बोंड खाल्लेली साधी अळी मरून जाते. सवय व्हायला ती उरते कुठे?

घडलं ते वेगळंच. पेशीवरचा तो रेणू बनवणाऱ्या जनुकात कधीतरी आपोआप बिघाड होतो. बीटी असो वा नसो, असे बदल होतच राहतात. बिघडलेल्या रेणूला बीटीचं प्रथिन नीट चिकटत नाही. साध्या कपाशीत अशा अळीला काही फायदा नाही. बीटीच्या शेतात मात्र बाकीच्या मरतात आणि तीच तेवढी उरते. कुठलीही अळी काही शिकली नाही. वाचणाऱ्यांची पोरं वाढत गेली, एवढंच.

आता थोडा हिशेब. समजा, बिघडलेलं जनुक हजारात एक आहे. ते आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी बीटीवर टिकते, म्हणजे दहा लाखांत एक. खरा प्रश्न असा की या एकीचा पतंग झाल्यावर तिची जोडी कोणाशी जमते? शेजारी साध्या कपाशीच्या ओळी असतील तर तिथून हजारो साधे पतंग उडतात, त्यांतल्याच एकाशी तिची गाठ पडते. त्यांच्या पिल्लांत बिघडलेलं जनुक एकेकच, म्हणून ती बीटीवर मरतात. याच हिशेबाने 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची पुडी मिळायची. ती बहुतेक बांधावर पडली. चार एकरांच्या धन्याने अळीला पोसायला ओळी का राखाव्यात, हे त्याला कोणी धड समजावलंच नाही, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

आपल्याकडचं बियाणंही संकरित. दोन पालकांपैकी एकाकडून आलेलं बीटी जनुक त्या झाडाच्या साधारण पाव सरकीत उतरतच नाही. एका बोंडात काही सरकी विषारी, काही बिनविषारी. गुलाबी अळी तर सरकीवरच जगते! त्यामुळे तिला विषाची अपुरी मात्रा मिळते आणि एकच बिघडलेलं जनुक असलेली अळीही वाचू शकते. त्यात ओलिताच्या शेतात वेचणीनंतरही फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक उभं, म्हणजे फरदड, ठेवली जाते. एक पिढी साधारण महिन्याभराची, म्हणजे निवडीला आणखी दोन-तीन फेऱ्या आयत्या मिळतात.

कपाशीवरची दुसरी बोंडअळी, हिरवी अळी, मात्र अजून बीटीपुढे बऱ्याच अंशी हरते. तिला तूर चालते, हरभरा चालतो. वर्धेकडे कपाशीत तुरीचं तास असतंच, तिथे साध्या पतंगांची पैदास आपोआप होते. गुलाबी अळीला आपल्याकडे जवळपास कपाशीवाचून दुसरं काही नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हाच किडा, हेच प्रथिन. तिथेही 1990 च्या दशकात बिघडलेलं जनुक शेतात सापडलं होतं. पण शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, 2006 पासून वांझ केलेले पतंग सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं सरकारने जाहीर केलं.

आता आपल्याकडेही साधी सरकी बीटीच्या पाकिटातच मिसळून येते, ती वेगळी काढून फेकता येत नाही. उरलेलं काम शेतातलं. कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली असं समजा. आणि डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटा, बांधावर रचून ठेवू नका. धुऱ्यापलीकडच्या शेतकऱ्यालाही हे सांगा, कारण त्याच्या फरदडीतले पतंग जूनमध्ये तुमच्याच कपाशीवर येणार आहेत.