बुगडीचं गाणं

अनंत माने यांचा १९५९ सालचा ‘सांगत्ये ऐका’ हा बोलपट मी प्रथम जत्रेतल्या तंबूत पाहिला, आईच्या मांडीवर बसून. पुढं किती वेळा, मोजदाद नाही. त्यातलं बुगडीचं गाणं लिहिलं माणदेशातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या माडगूळकरांनी अन् गायलं सांगलीत जन्मलेल्या आशाबाई भोसल्यांनी. चाल वसंत पवारांची. शब्द आपले, गळाही आपलाच!

मुलांना बुगडी ठाऊक नसेल. कानाच्या वरच्या कडेला घालायचा हा दागिना. गाण्यात ती साताऱ्याच्या वाटेवर सांडते. आमच्या आईची मात्र १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडं मोडली. त्यानंतर हे गाणं लागलं, की आई हसून मान डोलवी आणि हात हळूच कानाकडं नेई. तिथलं भोक शेवटपर्यंत बुजलं नव्हतं.